दांड्यावर चढवलेली धाव

महाळुंगे पडवळच्या लोहारदादांनी आणि भाता ओढणाऱ्या त्यांच्या कारभारणीने मला वाचवलं. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं लिहू लागलो की मन कडू होतं, आणि मग ती दोघं मागे राहून जातात.

मी कोकणातला. शाळा चौथीत सुटली. आमच्याच वाडीतला, नात्याने मामा लागणारा एकजण मंचरला मोटार हाकायचा. "पोराला माझ्या हाताखाली दे, माणूस करतो," असं तो आईला म्हणाला आणि त्या शब्दावर मी घाट चढून इकडे आलो. सुरुवातीला मला बाजरीची भाकरी घशाखाली उतरायची नाही, तेव्हा मामा कुठून कुठून तांदूळ आणायचा. हेही खरं आहे, आणि म्हणूनच जास्त लागतं. दोन वर्षांत त्याने मला इंजिन उघडायला आणि जोडायला शिकवलं.

मोटार आमच्या शेठची. घराणं मूळ मारवाडातलं, पण बोलणं चोख इथलं. एका साहेबाची जुनी मोटार घेऊन त्यांनी ती मंचर ते जुन्नर उतारूंसाठी सुरू केली होती.

एक दिवस कळंबजवळ इंजिनात कट्ट असा आवाज झाला आणि मोटार बसली. उघडून हँडल फिरवलं तर पुढच्या झडपा हलत होत्या, मागच्या गप्प. म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, ज्याला कारागीर क्यामशाफ्ट म्हणतात, तो आत मोडला होता. मामाचा चेहरा उतरला. "तू मोटारीपाशी थांब, मी शेठना समजावतो," म्हणाला आणि मंचरच्या वाटेला लागला. शेठची बोलणी तो एकटाच खाणार म्हणून मला त्याची कणव आली.

उतारू पायी गेले. महाळुंग्याला लोहार आहे असं कळलं, तेव्हा एका शेतकऱ्याने बैलजोडी जुंपून मोटार तिथवर ओढली. वाटेत लोकांची करमणूकच झाली.

"काय पावणं, बैलांनीच वढायची व्हती तर मोटार कशाला घेतली?"

"आरं, बैलांना बी मोटार बघायची व्हती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा माणूस निरोप घेऊन आला. "तू त्याल घालायला इसरला म्हून इंजान मोडलं, आसं तुझा मामा म्हनला. बाजाराच्या दिवशी मोटार मंचरात उभी न्हाई दिसली, तर तू तसाच गावाला जायचं."

बाजार चार दिवसांवर होता. तेल मी घातलं होतं, मामानेच दिलेल्या डब्यातून. मोटार मोडणारा म्हणून परत गेलो तर आईला तोंड कसं दाखवू, आणि पुन्हा कोण मला इंजिनाला हात लावू देणार?

दांडा बाहेर काढला. दोन उंचवट्यांच्या मध्ये त्याचे सरळ दोन तुकडे झाले होते. तो ज्या जागी फिरायचा तिथे पिवळट, डिंकासारखा थर होता. लोहारदादांनी तो नखाने खरवडून हुंगला.

"ह्ये करडईचं त्याल हाये, भाऊ."

"नाही हो, विलायती आहे. डब्यावर इंग्रजी लिहिलंय."

"डबा काय बोलतो व्हय? आमी गाड्याच्या आसाला सुदीक करडई लावत न्हाई, एरंडाचं लावतो. करडई वाळली की चिकाट हुती, चाक धरून बसती."

कारभारीण भात्यावरून म्हणाली, "भजी तळायची सोडून इंजान तळलं का वो तुमी?"

मला हसता आलं नाही. ते तेल ओतताना स्वयंपाकघरासारखा वास आला होता. मी मामाला विचारलंही होतं. "गप रव रे. शाळा सोडलेल्याने मला शिकवायचं नाय," असं तो म्हणाला आणि मी गप्प राहिलो. शेठ आणायचे ते भरलेले डबे कुठे जात होते, ते आता उमगलं. विलायती तेल मामा परस्पर विकत होता आणि रिकाम्या डब्यांत घाण्याचं तेल भरून ते माझ्याच हातांनी इंजिनात ओतवून घेत होता.

नवा दांडा विलायतेहून यायला कित्येक महिने लागले असते. दादांनी दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावले. मोडलेल्या तोंडांचे दाते नेमके बसले.

"उंचवटे एवढे जरी फिरले तरी झडपा भलत्या वेळी उघडतील," मी म्हणालो.

"फिरतील कसं? चाकाला धाव चढवतो, तशी ह्याला चढवू."

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. पाणी मारलं की ती आवळून चाकाला धरते. दादांनी अंगठ्याएवढ्या रुंदीचं कडं घडवलं. आतून ते दांड्यापेक्षा केसभर लहान ठेवलं. दांडा इंजिनात ज्या भोकातून सरकवायचा, त्यातून कडंही जायला हवं होतं. म्हणून बाहेरून ते मी अख्खा दिवस कानशीने घासलं. मग दोन्ही तुकडे जुळवून धरून त्यांच्यावर छिन्नीने एक सरळ रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी कडं लाल झालं. दादांनी ते एका तुकड्यावर सरकवलं, मी रेघेवर नजर ठेवून दुसरा तुकडा आत दाबला. "हलू नगंस!" कारभारणीने पाणी ओतलं आणि कडं आवळलं. नंतर दोन्ही बाजूंनी आरपार खिळे ठोकले आणि जरासा बाक आला होता तो दादांनी हलक्या ठोक्यांनी काढला. मग मी आतला चिकट थर खरवडून दांडा परत इंजिनात बसवला.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेठ टांग्यातून आले, सोबत मामा. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून शेठना घाई होती. मी ताजं विलायती तेल मागून घेतलं आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

मामा हसून म्हणाला, "बघा शेठ, माझ्याच हाताखाली शिकलाय."

दादांनी जपून ठेवलेला तो चिकट थर शेठच्या बोटाला लावला. शेठनी हुंगलं. माझ्याकडे वळून विचारलं, "हे कुणी दिलं तुला?"

मामा माझ्याकडे बघत होता. तो आणून द्यायचा ते तांदूळ मला आठवले.

"मामानं," मी म्हणालो.

"आईला काय सांगशील?" एवढंच तो बोलला.

त्याच दिवशी शेठनी त्याला काढलं. मोटार मंचरला मी नेली, पुढे तिच्यावर मलाच ठेवलं. मामा गावी गेला आणि भाच्याने माझ्या पोटावर पाय दिला, असं घरोघर सांगत फिरला. मी आईला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलेलं नाही. तिला वाचून दाखवणारं वाडीत दुसरं कुणी नाही, मामाच आहे.

दादांनी त्या कामाचं काही घेतलं नाही. निघताना कारभारीण म्हणाली होती, "माझं म्हायेर निमगाव साव्याचं. आजवर पायीच गेले मी." ती दोघं अजून मोटारीत बसलेली नाहीत. बारा महिने उतारू असतात आणि मोटार माझी नाही. पण एक दिवस मी ती दादांच्या दारात उभी करीन, दोघांना पुढच्या बाकावर बसवीन आणि निमगाव साव्याच्या वेशीपासून थेट कारभारणीच्या माहेरच्या दारापर्यंत भोंगा वाजवत नेईन.