उणे चारशे ग्रॅम

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात तलावाच्या मासळीसाठी एक बर्फखोली आहे. आत उणे अठरा अंश. किल्ली आणि वजनाचा काटा एका मावशीकडे. सकाळी लवकर टोपली आणणाऱ्या बायांचं माप बरोबर भरायचं, उशिरा येणाऱ्यांचं चारशे ग्रॅम कमी. मी पत्रक छापलं: ‘उशिरा येणाऱ्यांचा मासा कोण खातं?’ नाव लिहिलं नव्हतं, पण खोलीला किल्ली एकच होती. बायांनी सभा ठरवली. मावशीकडून किल्ली काढून घ्यायची.

सभेच्या आदल्या दिवशी मावशी काटा घेऊन माझ्या दारात आली.

“इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला ना तू? दाखव मले, कुठून खाल्ला मी मासा.”

मला खरं तर आनंदच झाला. चोरी रंगेहाथ मिळणार होती. अंगणात काटा उघडला, तर आत छेडछाड काहीच नाही. किलोचं वजन ठेवलं, किलोच दाखवलं. उन्हात काटा अगदी साधुसंत.

मग बर्फखोलीत तपासायचं ठरलं. या काट्यात वजनाने किंचित वाकणारा एक धातूचा तुकडा असतो, आणि त्याच्याकडून येणाऱ्या इवल्याशा विजेचा आकडा एक बोर्ड करतो. बोर्डात येणाऱ्या सिग्नलच्या दोन तारा मी बाहेरच एकमेकींना जोडल्या, म्हणजे वजनाची खबर बंद. शून्य दाबलं आणि दोन स्वेटर, कानटोपा, वर चादर अशा थाटात आत शिरलो. दारातल्या एका बाईने विचारलं की पत्रकं आता माशांना वाटायची का.

अर्ध्या तासात आकडा उणे चारशे. तुकडा निर्दोष, बोर्ड गुन्हेगार. बोर्डाला तळहाताची ऊब दिली तर आकडा शून्याकडे चढला, हात काढला की परत खाली. थंडीने त्याचं शून्यच सरकत होतं.

विकणाऱ्याला फोन लावला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोणत्याही हवामानात’ छापलेलं. तो म्हणाला, शून्य अंशाखाली चालत नाही, पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलंय. खोटं मोठ्या टायपात आणि खरं बारीक, हा यांचा धंदा!

पण शून्याचं बटण आत कोणीच काहून दाबत नव्हतं? मावशीने सांगितलं: काटा रात्री बाहेर चार्जिंगला, सकाळी ओसरीवर शून्य दाबून उदबत्ती, मग आत. लवकरच्या टोपल्या तो गारठायच्या आधीच तोलून व्हायच्या. पूजा झालेल्या काट्याच्या बटणाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, पूजा आतच करा.

“अनवाणी? उणे अठरात? तूच उभा राय, बाबू.”

शेवटी तिनेच तोड काढली. उदबत्ती दाराला ओवाळायची. काट्याला आतच वीज द्यायची, तो तिथेच गारठून राहील, आणि दर टोपलीआधी रिकाम्या ताटलीवर शून्य दाबायचं.

दुसऱ्या दिवशी सभा बर्फखोलीच्या दारातच भरली. उशिरा येणाऱ्यांतली सगळ्यात भांडखोर बाई टोपली घेऊन आत गेली, तोलून बाहेर आली, आणि तीच टोपली तिने घरून आणलेल्या तराजूत घातली. दोन्ही मापं जुळली.

“काटा आता खरा हाये,” ती म्हणाली. “आन् बाईही.”

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी माफी मागायला उभा राहिलो, चार वाक्यं घोकूनच आलो होतो. मावशीने किल्ली कमरेला खोचली.

“भाषण मंग कर. मासे खराब होऊन राहिले. टोपली उचल.”