आधी करंगळी टेकवा

तातडीच्या विभागात शिकणारे डॉक्टर त्यांना समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘करंगळीताई’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि दुसरं जास्त आवडायचं.

रुग्णाच्या खाटेपाशीच सोनोग्राफी करायला शिकवणं हे त्यांचं काम, आणि त्या शिकवण्याचं सार एका वाक्यात मावायचं : “आधी करंगळी टेकवा!” यंत्राचा तो मुठीत धरायचा प्रोब अधांतरी धरला की हात हलतो, हात हलला की चित्र हलतं, आणि हलत्या चित्रात काळीज काय अन् ढग काय, सारखंच. करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकली की सगळं जागच्या जागी. एकदा ऐन गर्दीत त्या नुसत्याच “करंगळी! करंगळी!” असं ओरडल्या, तर कुणा रुग्णाच्या मामांनी अदबीनं सांगितलं, “बाई, ते डावीकडे, दुसरं दार.”

आणखी एक नियम होता, तो स्वतःपुरता. शिकवताना हात पाठीमागे. त्या शिकत होत्या तेव्हा त्यांचे गुरू दर दोन मिनिटांनी “आण इकडे” म्हणून प्रोब हिसकावून घ्यायचे. चित्र झकास यायचं, पण ते गुरूंना. ताईंना दोन वर्षं फक्त गुरूंची पाठ दिसली.

आता, सरावाला पोट लागतं. ते ताईंनी घरून आणलं. त्यांचे यजमान भूगोलाचे शिक्षक. दर शनिवारी शाळा सुटली की येऊन, शर्ट वर करून निमूट आडवे व्हायचे. “जन्मभर नकाशे शिकवले, शेवटी मीच नकाशा झालो,” म्हणायचे. त्यांच्या पित्ताशयात एक निरुपद्रवी खडा होता. मंडळींनी त्याचं नाव ‘वाटाणा’ ठेवलं होतं. रस्त्यात सर भेटले की सरांच्या आधी वाटाण्याची ख्यालीखुशाली विचारली जाई.

असं सगळं छान चाललेलं असताना वरच्या सोनोग्राफी विभागाच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं : “शिकाऊंच्या हाती यंत्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ते तिसऱ्या मजल्यावर आणा.” तिसरा मजला म्हणजे अर्धमेल्या माणसानं लिफ्टची वाट बघायची. ताई अधीक्षकांशी भांडल्या. शेवटी ठरलं की साहेबांनी सोमवारी सकाळी खाली येऊन काम बघावं आणि यंत्राचा निकाल तिथंच लावावा.

आणि सोमवारी ड्यूटीवर नेमका ‘भूकंप’! हे नाव त्याला त्याच्या हातानं मिळवून दिलं होतं. डोकं तल्लख, पण कुणी बघायला लागलं की हात थरथरलाच.

“मॅडम, आजच्या दिवस ड्यूटी बदला की,” सिस्टर कुजबुजल्या.

“का? रुग्ण काय ड्यूटी बघून येतात?”

रुग्ण आला तो शिडीवरून पडलेला रंगारी. गालाला हिरवा रंग. “मी ठीक आहे हो,” तो म्हणत होता, “तेवढं डब्याला झाकण लावायला सांगा कुणाला तरी.” चेहरा मात्र पांढराफटक पडत चाललेला. दारात मोठे साहेब, हाताची घडी घालून उभे.

भूकंपानं उजव्या बरगड्यांवर प्रोब ठेवला. पडद्यावर नुसतं वादळ!

“हेच म्हणत होतो मी,” साहेब म्हणाले. “बाई, घ्या तुमच्या हातात.”

“बीपी ऐंशी!” सिस्टर ओरडल्या.

पाठीमागे ताईंच्या बोटांनी बोटं घट्ट धरून ठेवली. दहा मोजायचे. दहा झाले की यंत्र गेलं तरी चालेल, प्रोब घ्यायचा. एक... दोन... तीन... चौथ्याला त्या हळूच म्हणाल्या, “करंगळी.”

करंगळी टेकली. वादळ निवलं. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये, जिथं काही असायला नको, तिथं एक काळी पट्टी स्वच्छ उभी राहिली. ताईंचे सहाच मोजून झाले होते.

“पोटात रक्त आहे, मॅडम!”

“मला काय सांगतोस? सर्जनला सांग!”

अकराव्या मिनिटाला रंगारी ऑपरेशनच्या टेबलावर होता. दुपारी सर्जनचा फोन आला : प्लीहा फाटली होती, रक्त थांबलंय, आणि शुद्धीवर येऊन गृहस्थ झाकणाची चौकशी करताहेत. विभागात असा जल्लोष झाला की सिस्टरना आपल्याच माणसांना “शांतता राखा” म्हणावं लागलं.

साहेबांनी चष्मा पुसला, पडद्यावर साठवलेलं चित्र पुन्हा पाहिलं. “यंत्र राहू दे इथंच,” म्हणाले. “आणि माझेही दोघं शनिवारी पाठवतो खाली.”

शनिवारी दोघांबरोबर साहेब स्वतःच उतरले. शिकवायला ताईंनी उभं केलं भूकंपाला. साहेबांच्या नव्या शिष्याला वाटाणा काही सापडेना. साहेबांना राहवलं नाही. त्यांचा हात पुढे गेला, “आण इकडे...”

“साहेब,” भूकंप म्हणाला, “हात मागे.”

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचे दोन्ही हात केव्हाचे पाठीमागे होते. साहेबांनी मुकाट्यानं आपलेही मागे नेले.

“आणि तू,” भूकंप शिष्याकडे वळला, “आधी करंगळी टेकव.”

“जरा लवकर टेकवा रे बाबांनो,” खाटेवरून नकाशा म्हणाला, “जेली फार गार आहे!”