कुवेतचे पणजोबा आणि कॉफीचा पेला

आमचे पणजोबा, नाखवा याकूब, कुवेतहून गलबत घेऊन आमच्या रत्नागिरीकडच्या बंदरात आले आणि इथलेच झाले, असं लहानपणापासून ऐकत आलो. शाळेत मास्तर म्हणून समुद्राची कविता चालीवर शिकवताना शिडाखाली मला तेच उभे दिसत. म्हणून थोरल्या बहिणीचा, आपाचा, मुलगा सलीम कुवेतहून फोनवर म्हणाला, "मामू, पणजोबांचं घराणं सापडलं, या!" तेव्हा व्हिसा निघताच मी निघालो. शंका विमानात आली. इतक्या वर्षांत कोणाला न सापडलेलं घराणं ह्याला गॅरेज चालवता चालवता कसं सापडलं?

जाणार असाल तर थंडीत जा. सलीम फरवानियात राहतो. तिथून त्याच्या शुवैखच्या गॅरेजकडे बस जाते, भाडं किरकोळ. गल्लीतल्या कोकणी खानावळीत बांगडा अगदी घरच्यासारखा. जेवता जेवता सलीम बोलून गेला, "मला शेठना गॅरेजात पार्टनर म्हणून घ्यायचंय. कुवेती माणसाशिवाय लायसन नाही. नातं निघालं तर बरंच."

"कुठले शेठ?"

"तेच हो, आपले नातेवाईक!"

माझा घास हातातच राहिला.

संध्याकाळी शेठच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, गेलो. शेठ अबू खालिद माझ्याच वयाचे, तरुणपणी मुंबईत राहिलेले, मोडकी हिंदी बोलणारे. नोकर इवल्या पेल्यात वेलचीची कडू कॉफी ओततच होता. शेवटी मी रिकामा पेला हलवला. पुरे झालं की आमच्या घरी चहाचा कपही असाच हलवतात.

"ये किसने सिखाया?" अबू खालिद चमकले.

"वालिदने," मी वडिलांचं नाव सांगितलं.

"देखो शेठ, खून बोलता है!" सलीमने मांडीवर थाप मारली.

मलाही भरून आलं. तेवढ्यात शेजारच्या केरळी हिशेबनिसाने पेला हलवला, मग पलीकडच्या सुरतेच्या कापडवाल्यानेही. नको म्हणायची ही इथली सगळ्यांचीच रीत. अरबांच्या गलबतावर चाकरी केलेला कुठलाही कोकणी खलाशी ती घरी आणू शकला असता.

"तो हम भाई हुए?" अबू खालिदनी विचारलं. सलीम श्वास रोखून माझ्याकडे बघत होता.

"सुना है," मी म्हणालो. "मालूम नहीं."

परतताना बसमध्ये सलीम एवढंच बोलला, "मामू, एक 'हां' म्हणायला काय झालं होतं?"

कोकणात घरी आल्यावर आपाने पणजोबांचं नावही काढलं नाही. "सलीमच्या पार्टनरशिपचं काय झालं?"

"शेठ विचार करून सांगतो म्हणाले."

"मास्तर तो मास्तरच राहिलास," म्हणाली आणि उठून आत गेली.

शेठचं उत्तर अजून नाही. सलीमचा फोनही नाही. मेलेल्या माणसाचं गाव शोधायला गेलो आणि जिवंत भाचा हरवून आलो की काय, ही शंका तेवढी माझ्यासोबत घरी आली.