राजीनाम्याला सोयीचा दिवस

सबूरभाऊंनी गाडी कधी वेळेवर सोडली नाही, आणि उशीर झाल्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. मी मागून दोन घंट्या मारल्या की ते आरशातून माझ्याकडे बघत आणि शांतपणे म्हणत, "सबूर. गोंदाची माय येऊन राहिली." मी खिडकीतून डोकं बाहेर काढायचो. रस्त्यावर कुणी नसायचं. मग गल्लीच्या तोंडाशी आधी एक पिशवी दिसे, पिशवीमागून बाई आणि बाईमागून तिची विसरलेली छत्री घेऊन धावणारा नवरा. या एका शब्दावरून आगारात त्यांचं नाव सबूरभाऊ पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमची जोडी लागली. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. दुपारी भंडाऱ्याहून निघायचं, कारध्याचा पूल ओलांडायचा, गोसीखुर्द धरणाकडच्या गावांमधून थांबत थांबत शेवटच्या गावी मुक्काम करायचा आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. धरणाचं पाणी चढत होतं तसं एकेक गाव उठून नव्या गावठाणात बसत होतं. नव्या गावाला नाव जुनंच. त्यामुळे तिकीट फाडताना विचारावं लागे, "जुनं की नवं?"

मुक्कामाच्या गावात एक पद्धत होती. गाडीच्या माणसांना गावातली घरं पाळीपाळीने जेवायला बोलवत. मला ते नको असे. दिवसभर माणसं पाहून मला माणसांचा वीट आलेला असायचा. घरून आणलेला डबा खाऊन मागच्या लांब सीटवर आडवं व्हावं, एवढीच माझी इच्छा. पण सबूरभाऊ सीटजवळ येऊन उभे राहत. "डबा सकाळी कोंबड्यायले टाक. सखारामच्या घरी वाट पाहून राहिले." मी म्हणायचो, "भाऊ, मी थकलोय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "थकलास म्हनूनच चाल. एकटा मानूस थकवा मोजत बसते." मग मी ओसरीवर बसून विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचो आणि ते तांदळाला लागलेल्या किडीवर तासभर बोलायचे. थकलेल्या माणसाला एकटं सोडावं, ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती.

आणि मी खरोखरच थकलो होतो. ही थकावट झोपेने जाणारी नव्हती. सुट्टीच्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. बायको विचारायची, "का झालं जी?" काय झालं ते मलाच सांगता येत नसे. तिकीट देताना मी प्रवाशांच्या चेहऱ्याकडे बघणं कधी सोडलं, तेही आठवत नाही. फक्त हात दिसायचे. कुणी गाडीत हसलं तरी काही वाटत नसे, कुणी रडलं तरी नाही. त्यावर लाज आणखी वेगळी. ज्यांची घरं पाण्याखाली चालली होती ती माणसं पिशव्या सांभाळत गप्पा मारत होती, आणि पक्की नोकरी असलेला मी तेवढा मेल्यासारखा उभा. या लाजेने थकवा कमी झाला नाही. वाढलाच.

शेवटी एका सकाळी मी म्हणालो, "भाऊ, मी नोकरी सोडतो."

"कवा?" त्यांनी काच पुसता पुसता विचारलं.

"आजच."

"आज नको. आज बजार हाये. गर्दीत मी एकटा का करू?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, तर त्या दिवशी शाळेतल्या पोरांची परीक्षा होती. "पोट्टे चुकले तं वर्ष जाईन त्यायचं." मग भाताची रोवणी आली. बायांचे जत्थे या गावाहून त्या गावी रोवायला जात, गाडी भरून वाहत होती. "रोवना होऊ दे गा, मंग सोड." रोवणी झाली तर पोळा. पोळा झाला तर दिवाळीनंतरची मंडई, गावोगावची जत्रा. मंडईला मुली माहेरी येतात, त्यांना आणायला गाडी नको का? वर्षभरात माझ्या राजीनाम्याला सोयीचा असा एक दिवस त्या माणसाला सापडला नाही. मी चिडून म्हणालो, "तुम्ही मला उल्लू बनवताय." ते म्हणाले, "मी कायले बनवू? पंचांग पाह्य ना तू."

एवढं कळूनही मी राहत होतो, याचाच मला जास्त संताप येई.

मग ती म्हातारी गाडीत चढली. हातात गाठोडं, अंगात ताप असावा असे डोळे. तिने गावाचं नाव सांगितलं. मी विचारलं, "जुनं की नवं?"

"माह्या गावाचं दे बाप्पा."

"कोणतं, जुनं की नवं?"

"माह्या गावाचं," ती पुन्हा म्हणाली.

"तुमचं गाव आता नाही," मी म्हणालो. ओरडलोही नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणालो. 

सबूरभाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ते खाली उतरून मागच्या दारातून वर आले, म्हातारीचं गाठोडं उचललं आणि तिला पुढे आपल्या मागच्या सीटवर नेऊन बसवलं. "बस माय, मी उतरवून देतो तुले." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या फेरीत मी घंटी मारली की गाडी मुकाट्याने निघत होती. आरशात ते एकदाही दिसले नाहीत.

आगारात आल्यावर ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. दोन दिवसांनी मला हुकूम मिळाला: गाडीवरून काढून चौकशी खिडकीवर. माझी खात्रीच पटली. ज्याने वर्षभर मला सोडून जाऊ दिलं नाही, त्यानेच माझी तक्रार केली होती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते खिडकीसमोरून जात, क्षणभर थांबत. मी मान खाली घालून वेळापत्रक बघत राहायचो. महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. विश्रांतिगृहात शाल-नारळ झाला. टाळ्या ऐकू येत होत्या तेव्हा मी माईकवर साकोलीची गाडी सांगत होतो.

खिडकीवर मात्र मला झोप लागू लागली. तिथे घरी जायची वेळ ठरलेली होती. रोज रात्री आपल्या खाटेवर झोपता येत होतं. हळूहळू खिडकीपलीकडे हातांच्या वर चेहरे दिसू लागले. पावसाळा सरताना आगारातल्या बाबूने विचारलं, "इथंच राह्यतोस की गाडीवर जातोस? सबूरभाऊनं तवा दोन महिनेच मागतले होते."

"कोणी मागितले?"

"त्यानंच. साहेबापाशी बसून होता घंटाभर. म्हने, मानूस चांगला हाये, थकला हाये, बसून कराचं काम द्या. साहेब म्हने, निवृत्तीले महिना राह्यला तुझ्या, जोडी कायले तोडतो? तं म्हने, मी कोनासंगही गाडी चालवतो."

त्याच संध्याकाळी मी कारध्याला त्यांच्या घरी गेलो. मी भांडायलाच निघालो होतो, हे कबूल करतो. सबूरभाऊ घरामागच्या वाडीत वांग्याच्या झाडांना पाणी देत होते. बस म्हणाले नाहीत. हातातला पाइप माझ्याकडे दिला आणि आपण तण उपटू लागले.

"भाऊ, निदान सांगायचं तरी होतं," मी म्हणालो.

"का सांगाचं?"

"की तक्रार केली नाही म्हणून. इतके दिवस मी तुमच्यावर राग धरून बसलो."

"लय राग आला होता?"

"लय. रात्री झोपेत तुमच्याशी भांडायचो."

"बरं झालं," ते तण झटकत म्हणाले. "वर्षभरापासून तुले ना राग, ना हासू, काहीच येत नोहोतं."

पाइप माझ्या हातात एकाच जागी वाहत राहिला. एका झाडाखाली पाण्याचं डबकं साचलं. "पुढं सरक ना गा," ते म्हणाले, "वांगं सडवतो काय?" मी सरकलो. मग त्यांनी विचारलं, "आता कोन्त्या गाडीवर जातो?"

"धरणाकडचीच मागितली. उद्यापासून."

ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहू लागले. "येडा हायेस तू. त्या रस्त्यानं कंबर जाते मानसाची. साकोलीची मागाची होती. डांबर हाये."

मला त्यांना पुष्कळ काही सुनवायचं होतं. पण मी पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला आणि त्यांच्याशेजारी तण उपटायला बसलो.