लेकीसाठी राखलेला रोहू

तळ्याच्या कडेला माणसं बसली की किस्से शेवाळासारखे वाढतात. कितीही काढा, उरतातच! संकेश्वरजवळ मारुतीआप्पांच्या रानात आम्ही दोघांनी भागीदारीत शेततळं काढलं, रोहू सोडले, तेव्हापासून माझ्याकडे तर साठाच झालाय.

पहिलं जाळं ओढलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पयला घास वैशालीचा. ती येईपातूर मी चव बघणार न्हाय!"

वैशाली म्हणजे त्यांची एकुलती लेक, बेंगलोरला नोकरीला. ती दर फोनवर पुढच्या रविवारी येणार असायची. प्रत्येक वेळी एक मोठा रोहू विकायचा राहायचा.

*

गिऱ्हाईक विचारायचं, "आप्पा, मासा चवीला कसा हाय?"

"मला काय ठाऊक? मी खाल्लाच न्हाय!"

विकणाराच खात नाही म्हटल्यावर लोक बिचकायचे. शेवटी मी तिथंच तळलेले तुकडे खात उभा राहू लागलो. विक्री वाढली, माझं पोटही वाढलं.

*

शेजारचे अण्णासाहेब जैन घरातले. तळ्याचं कसदार पाणी त्यांच्या उसाला हवं, पण जाळं नजरेला नको! "आदल्या दिवशी सांगा, मी निपाणीला पाहुण्यांकडं जातो," असा करार होता.

एकदा आम्ही सांगायला विसरलो. अण्णासाहेब तळ्याकडे पाठ करून बांधावर थांबले आणि तसेच पाठमोरे म्हणाले, "आप्पा, लेक आली काय?"

*

मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणात एक साहेब म्हणाले, "मासा म्हणजे उत्तम प्रोटीन! घरच्यांना आठवड्यातून दोनदा तरी द्या."

आप्पांनी हात वर केला. "साहेब, लेक बेंगलोरात मेसचं खातीया. तिला कसं द्यायचं?"

सगळे हसले. आप्पा मात्र हात वर ठेवूनच उत्तराची वाट बघत होते.

*

आणि एकदाची वैशाली आली! एका दिवसापुरती. आप्पांनी सगळ्यात मोठा रोहू काढला, त्यांच्या बायकोनं, आमच्या आक्कांनी, रस्सा केला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"लई झ्याक झालंय आप्पा! पण काटे किती हैत हो!"

बसची वेळ झाली म्हणून ती अर्ध्या ताटावरून उठली. तिला सोडून आल्यावर आप्पांनी तेच ताट पुढे ओढलं. चव कशी आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सकाळी ते मला घेऊन मत्स्यबीज विकणाऱ्याकडे गेले. "कमी काट्याचा मासा कंचा?"

"पंगस हाय की. पर खायजोगा व्हायला वरीस जातंय, आप्पा."

"जाऊ दे रं. तिला बी यायला तेवढं लागतंयच!"