आप्पांचे एकाहत्तर किलो

कॉलेजच्या प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'पॅकिंग' असं लिहिलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, लातूरच्या भुसार बाजारात हमाल आहेत. पोती भरतात, दाभणाने शिवतात, पाठीवरून ट्रकात चढवतात. त्यामुळे ते अगदीच खोटं नाही, असं मी मनाला सांगितलं. अर्ज कुणी वाचत असेल असंही वाटलं नव्हतं.

पदार्थविज्ञानाच्या सरांनी तो वाचला होता. नांदेडचे एक म्हातारे किराणा दुकानदार त्यांचं जुनं वजनाचं यंत्र आमच्या विभागाला द्यायला तयार होते. नाणं टाकलं की वजनाचं तिकीट बाहेर पडतं, तसलं. ते सुटं करून, बांधून आणायचं होतं. सरांनी भर वर्गात विचारलं, "तुझे वडील पॅकिंगमध्ये आहेत ना? मशिनरीचं करतात का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हो सर."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे कुणी माझ्यावर काही सोपवण्याची ती पहिलीच वेळ होती. मला ती वाया घालवायची नव्हती.

घरी सांगितलं तर दादा म्हणाले, "मशिनरी? माय, म्या सोयाबीन बांधतो." मग म्हणाले, "उंची किती हाय तिची?"

उंची दादांच्या डोक्याच्या वर हातभर होती. यंत्र नांदेडला दुकानाच्या ओट्यावर उभं होतं. समोर आरसा, वर लाल-हिरवे दिवे, मध्ये पट्ट्यापट्ट्यांचं फिरणारं चाक. रस्ता रुंद होणार होता आणि ओटा जाणार होता, म्हणून यंत्र द्यायचं होतं. त्यात जुना मोठा रुपयाच चालायचा. तसे रुपये दुकानदार आप्पांनी एका डब्यात जपले होते. ते स्वतःच नाणं द्यायचे, आपण वजन करायचं, मग ते मागचं दार उघडून नाणं परत डब्यात टाकायचे. तिकिटाच्या मागे भविष्य छापून यायचं. छापायचा एकच ठसा शिल्लक राहिल्यामुळे सगळ्या गल्लीला वर्षानुवर्षं एकच भविष्य मिळत होतं : 'प्रवासाचा योग आहे.'

कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले आप्पा यंत्रावर चढले. तिकीट आलं. एकाहत्तर.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "सोमवारी मी लातूरला येतो. असाच उभा राहतो. एकाहत्तर आलं तर यंत्र तुमचं. न्हाई आलं, तर परत आणून इथंच उभं करून द्यायचं. सरांना सांग."

मी हो म्हणाले. मी सगळ्यांनाच हो म्हणते. मग त्यांनी मलाही एक नाणं दिलं. माझं बावन्न आलं. कॉलेजच्या तपासणीत सत्तेचाळीस होतं. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला जरा जास्त खाल्ली होती, पण पाच किलो?

गंजलेल्या स्क्रूंना रॉकेल पाजत आम्ही दुपारपर्यंत यंत्र उकललं. मी प्रत्येक भागाला नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि वहीत नोंद केली. दादांनी आरसा वाकळीत गुंडाळला, पोत्यात सोयाबीनचं भुसकट दाबून मधोमध ठेवला आणि तोंड शिवून टाकलं. दिव्यांना त्यांनी एक वेगळं लहान पोतं केलं. तेही शिवलं.

"दादा, दिव्यांना शिवण कशाला?"

"उघडं पोतं कोण घेतं गं बाजारात?"

शेवटी बिडाची बैठक आडवी केली. आत एक लांब लोखंडी तरफ होती आणि तिच्या टोकाला विटलेल्या लाल कापडात बांधलेला एक नारळ लटकत होता. वाळून खडखड वाजणारा. दादांनी चपला काढल्या.

"हे खंडेनवमीचं हाय. हे पोत्यात न्हाई भरायचं."

दादा स्वतः दर खंडेनवमीला पोती ओढायच्या आकड्याला कुंकू लावतात, त्यामुळे त्यांना शंकाच नव्हती. आप्पा आत जेवून आडवे झाले होते. त्यांना उठवायला आम्हाला संकोच वाटला. नारळ यंत्राचा भाग नाही हे मलाही पटलं. येताना टेम्पो नदीच्या घाटाजवळ थांबवून दादा गुडघाभर पाण्यात उतरले आणि हात जोडून त्यांनी नारळ गंगेत सोडला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी वहीत लिहिलं : 'इतर वस्तू : एक. विसर्जित.'

लातूरला पोती उसवली, तर रॉकेलमुळे माझ्या सगळ्या चिठ्ठ्या सुटून भुसकटात मिसळल्या होत्या. कुठलं पोतं कधी भरलं ते मात्र दादांच्या डोक्यात होतं. त्या उलट क्रमाने आम्ही दोन दिवसांत यंत्र उभं केलं. सर चढले. अठ्ठ्याहत्तर. मी चढले. सत्तेचाळीस.

"उत्तम!" सर म्हणाले.

ते उत्तम नव्हतं. मी त्यांना नांदेडचं बावन्न सांगितलं, आप्पांची अट सांगितली, नारळही सांगितला. सर आधी खात्री करू म्हणाले आणि माझ्यासोबत भुसार बाजारात येऊन तुरीच्या पोत्यांमधल्या काट्यावर उभे राहिले. एक हमालकाका ओरडले, "मास्तर, ओलावा किती धरायचा?" सगळी अडत हसली. दादा खांद्यावर आकडा टाकून पलीकडेच उभे होते, तेही हसले. मग त्यांना मी दिसले आणि ते थांबले. सरांनी दादांच्या खांद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. परत येताना एवढंच म्हणाले, "पोती फार सुंदर शिवतात."

काट्यावर अठ्ठ्याहत्तरच आले. म्हणजे यंत्र सुधारलं होतं आणि तीच अडचण होती. सरांनी फळ्यावर तरफ काढली. अर्ध्या किलोचा नारळ लांब टोकाला होता, म्हणून तिकिटावर पाच किलो होऊन उतरत होता. आता तसा नारळ हवा होता. दादा दुकानातून हातात तोलून तोलून नारळ आणत होते, मी लाल कापडात बांधत होते आणि सर यंत्रावर चढत-उतरत होते. पहिल्या नारळाने सर चौऱ्याऐंशीचे झाले. दुसऱ्यानेही. चौथ्या नारळाला बरोबर त्र्याऐंशी आले, तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या. एवढी मेहनत घेऊन चूक बसवणारी प्रयोगशाळा मी तरी दुसरी पाहिली नाही.

सोमवारी आप्पा आले. खिशातून रुपया काढला, चढले. तिकीट पडलं. एकाहत्तर. नांदेडच्या तिकिटाशी त्यांनी ते लावून पाहिलं, खाली वाकले आणि बैठकीला हात लावून तो कपाळाला लावला.

"म्हणजे हाय जागेवर."

"काय, आप्पा?" सरांनी विचारलं.

"नारळ. यंत्र आणलं त्या साली आमच्या मंडळीनं बांधला होता. डॉक्टर मला सहासष्ट सांगतो. मला बी ठाऊक हाय मी सहासष्ट हाय. वरचे पाच तिचे. ती गेली, पण पाच किलो राहिली."

"मग आधी सांगायचं ना."

"विज्ञानाची माणसं तुम्ही. हसला असता."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. यंत्र आमचं झालं होतं. मी गप्प राहिले असते तर ते आमचंच राहिलं असतं. पण अर्जावरच्या त्या एका शब्दाने मला इथवर आणलं होतं, आता तसला दुसरा नको होता.

"आप्पा, हा तो नारळ नाही," मी म्हणाले.

दादा पुढे झाले. "गंगेत सोडला, आप्पा. म्या सोडला. चपला काढून."

आप्पा आरशाकडे वळले. मग म्हणाले, "पाणी होतं का?"

"गुडघाभर."

"बुडला?"

"न्हाई. तरंगत गेला. पुलाखालून लांब गेला."

आप्पांनी हातातलं तिकीट उलटं करून वाचलं. "इतकी वर्षं सगळ्यांना प्रवास सांगितला यानं," ते म्हणाले, "घडला तिलाच."

ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. जाताना त्यांनी मला बजावलं, "नवा नारळ ओला हाय. वाळला की मी कमी भरंन. ध्यान ठेव. दसऱ्याला येतो." रुपयांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला.

दुपारी सरांनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं : 'वजनाचे यंत्र, तिकीट देणारे, एक.' सरांनी ते वाचलं.

"पुढे कंसात लिही," ते म्हणाले. "नारळासह."