गॅस पास झाला का?

परवा नात मोबाइलवर 'पास' या इंग्रजी शब्दाचे अर्थ वाचून दाखवत होती. उत्तीर्ण होणे, बसचा पास, घाटातली खिंड, चेंडू दुसऱ्याकडे ढकलणे, अर्ज मंजूर होणे... संपेचना. मी म्हटलं, "थांब वं, दम खा. तुझ्या आजोबांच्या जिवावर बेतलं होतं तो अर्थ आहे का त्यात, तेवढं पाहून सांग."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी खापा गावची. एसटीच्या पासवर सावनेरला जाऊन शिकलेली, म्हणजे पास काढूनच पास झालेली! त्याची केवढी घमेंड. भाजीवालीलाही 'व्हेरी कॉस्टली' म्हणायची. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांच्यासमोर तर माझं इंग्रजी नुसतं उतू जायचं. त्या ऐकून घेत आणि स्टोव्हला पंप मारत.

अशात ह्यांचं अपेंडिक्स पोटातच फुटलं. सीताबर्डीजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. तरी नंतर पोट ढोलासारखं फुगलेलं, ओठ सुकलेले, आणि पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असा हुकूम.

सकाळी म्हातारे डॉक्टर आले. मला विचारलं, "काय, पास झाला का?"

वडीलधारे आहेत, ह्यांना एकेरीत बोलत असतील, असं मला वाटलं. मी पदर सावरून सांगितलं, "हो जी! बी.कॉम. सेकंड क्लासमध्ये."

सिस्टर तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळली.

"अहो बाई, गॅस! गॅस पास झाला का?"

"नाही जी. अर्ज देऊन ठेवला आहे, पण नंबरच लागला नाही अजून. स्टोव्हवरच भागवतो."

सगळा वॉर्ड हसला. हेही हसायला गेले आणि टाके ओढले जाऊन कळवळले. सासूबाईंनी माझा दंड दाबला. "चूप बस वं. पोटातल्या वाऱ्याचं विचारून राहिले ते." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "नाही सरला जी. रातभर कान देऊन बसली मी."

डॉक्टरांचं हसू मावळलं. वारा सरला म्हणजे आतडी कामाला लागली, तोवर पाणी नाही. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले.

मग आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसलो. सासूबाई ह्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवत, मी पाठ चोळत होते. एकीकडे सगळ्या देवांना नवस बोलत होते. असल्या गोष्टीसाठी देवाकडे शब्द कसा टाकावा, तेही कळेना.

हे वैतागले. "तुम्ही दोघी अशा टक लावून बसल्यावर कसा होईन वं मी मोकळा?"

"तुले जन्म दिला म्या. माही काय लाज?"

"मंग हिले तरी बाहेर पाठव."

"बसू दे तिले. शिकलेली हाय. निकाल पाह्यल्याशिवाय उठणार नाही."

दुपार कलल्यावर निकाल लागला. चांगला खणखणीत. शेजारच्या खाटेवरचे काका दचकून उठून बसले. आणि सासूबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या, "पास झाला वं, पास झाला!" त्यांच्या तोंडून मी इंग्रजी शब्द पहिल्यांदाच ऐकला. माझ्या सगळ्या इंग्रजीपेक्षा अचूक.

मी सिस्टरला सांगायला अनवाणीच धावले. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं आणि चमचाभर पाणी द्यायला सांगितलं. सासूबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. "तू पाज. माह्या हाताले कापरं सुटलं." त्यांचा हात मुळीच कापत नव्हता.

आता सासूबाई नाहीत. हे सकाळी पेपर वाचताना बिनधास्त वाजवतात. सून उठून खिडकी उघडते, नात "आजोबाऽऽ" म्हणून किंचाळते. मीही "शी, वयाला शोभतं का!" म्हणते. लोकांत म्हणावं लागतं. पण मनातल्या मनात मी हात जोडून घेते. आधी सासूबाईंना, मग देवाला.